डांबर सुरू होण्याआधी

कऱ्हाडहून पाटणकडे जाताना शहर पुरते मागेही पडत नाही, तोच मुंढे-वारुंजीच्या शिवारात उसाच्या मधून गेलेला एक सरळ काळा पट्टा लागतो. पूर्व-पश्चिम, १,२८० मीटर लांब. सार्वजनिक बांधकाम खात्याने तो १९५५ साली बांधला, तेव्हा कऱ्हाडकरांना मुंबईला उडत जायची हौस होती म्हणून नव्हे. आदल्याच वर्षी कोयना प्रकल्पाचे काम सुरू झाले होते आणि धरणाच्या जागी वरिष्ठ अभियंते, तज्ज्ञ, मंत्री यांना लवकर पोहोचवायचे होते. पुणे-मिरज लोहमार्ग तेव्हा मीटरगेज होता. मुंबईहून येणाऱ्याला पुण्यात गाडी बदलावी लागे आणि कऱ्हाडला उतरल्यावर कोयनानगरपर्यंत घाटाच्या पायथ्याचा रस्ता उरे तो वेगळाच. धरण पुरे झाले, वीज मुंबईला गेली, पट्टा मात्र राहिला. पुढे तो महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आला, शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने तिथे घिरट्या घालू लागली, आणि कधीतरी त्याच्या नावामागे ‘आखूड’ हे विशेषण चिकटले ते कायमचे. छोटे विमान उतरताना कुठे घसरले, नाकावर आपटले, गवतात गेले, की हे विशेषण बाहेर येते: धावपट्टी आखूड होती. हे निदान इतके सोपे आणि इतके सोयीचे आहे की त्याची उलटतपासणी क्वचितच होते. सातारा-सांगलीच्या हवाईपट्ट्यांचा इतिहास नीट पाहिला तर ते बहुतेक वेळा चुकीचे ठरते, आणि काही वेळा तर ‘पट्टी आखूड आहे’ ही भीतीच अपघाताचे कारण असू शकते.

मुळात विमानतळ म्हणजे लांबट पट्टा ही कल्पना फार जुनी नाही. १९२०-३०च्या दशकांतले विमानतळ बहुतेक ठिकाणी मैदाने होती: गवताची, मातीची, चहूबाजूंनी सारखी पसरलेली. वारा ज्या दिशेने येईल तिकडे तोंड करून उतरायचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत उतरले ते जुहूच्या अशाच सपाट, समुद्राने धुतलेल्या मैदानावर. पावसाळ्यात तिथे पाणी आणि चिखल, म्हणून ते चार महिने टाटांची टपालसेवा पुण्याहून चाले. त्या काळच्या वैमानिकाला लांबीची फिकीर कमी आणि जमिनीची जास्त असे: चाक रुतेल का, खड्डा आहे का, म्हशी कुठे बसल्या आहेत. विमाने जड झाली, दुसऱ्या महायुद्धाने त्यांची संख्या वाढवली, तशी पक्की धावपट्टी सर्वत्र आली. तिने चिखलाचा प्रश्न सोडवला, पण बदल्यात दिशा बांधून टाकली. मैदानावर वारा नेहमीच समोरून घेता येई. पट्टीवर तो आडवा आला तर आडवाच सोसावा लागतो. बांधकाम खात्याने १९५०च्या दशकापासून जिल्ह्याजिल्ह्यांत पट्ट्या केल्या त्या रस्ता करणाऱ्याच्या नजरेने: लांबी, रुंदी, खडी, रोलर, डांबर. खात्याला जे मोजता येते ते त्याने चोख मोजले. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी पायजमा कुठे लावायचा, टोकापुढे किती जमीन मोकळी ठेवायची, गुरे आत येऊ नयेत म्हणून काय करायचे, हे प्रश्न रस्त्याच्या अंदाजपत्रकात बसत नाहीत. मीटर हे एकच माप पुढे वादांचे माप झाले, त्याची मुळे इथे आहेत.

त्या काळी भारतीय फ्लाइंग क्लबांत शिकणाऱ्यांच्या हाती असे ते टायगर मॉथ, आणि १९५८नंतर हिंदुस्थान एअरक्राफ्टचे ‘पुष्पक’. दोन्ही हलकी, लाकूड-कापड-नळ्यांची आणि दोन्हींचा मागचा टेकू शेपटीखाली. अशा विमानाला थांबायला दोन-तीनशे मीटर पुरत. लांबीने त्यांचा घात केल्याची उदाहरणे शोधावीच लागतील. त्यांचा खरा शत्रू निराळा होता. या विमानांचे वजन मुख्य चाकांच्या मागे असते. बैलगाडी मागे रेटताना धुरी जशी चुकार होऊन एका बाजूला पळते, तसे हे विमान जमिनीवर धावताना जरासे वाकडे झाले की शेपूट पुढे यायला बघते आणि विमान स्वतःभोवती गर्रकन फिरते. एक पंख जमिनीला घासतो, एक चाक मोडते. वैमानिकांच्या भाषेत हा ‘ग्राउंड लूप’. तो पाच किलोमीटरच्या धावपट्टीवरही तितक्याच सहज होतो. नंतर सेस्नासारखी नाकाखाली चाक असलेली विमाने आली आणि हा रोग जवळजवळ गेला. त्याची जागा दुसऱ्याने घेतली, आणि तिथे आपला आखूडपणाचा विषय सुरू होतो.

सेस्ना १५२ हे शिकण्याचे विमान घ्या. त्याच्या पुस्तिकेतला आकडा असा: समुद्रसपाटी, वारा नाही, कोरडी पक्की पट्टी, ५० फुटांचा अडथळा ओलांडून उतरून थांबायला सुमारे १,२०० फूट, म्हणजे ३६५ मीटर. त्यातली जमिनीवरची धाव जेमतेम १४५ मीटरची. बाकीचे अंतर हवेतच जाते. कऱ्हाड समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. मे महिन्यातल्या दुपारी पारा ३८ अंशांवर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांवर आहोत असे वाटते. वेगदर्शक तोच आकडा दाखवतो, पण जमिनीच्या हिशेबाने विमान सुमारे आठ टक्के जास्त धावत असते, आणि थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ते सोळा-सतरा टक्क्यांनी वाढते. ३६५चे सव्वाचारशे झाले. समजा, दहा नॉटचा वारा पाठीमागून आहे आणि तरीही वैमानिक त्याच टोकाने आला: साठ नॉटच्या जागी जमिनीवर सत्तर, म्हणजे आणखी तिसरा हिस्सा अंतर. झाले पावणेसहाशे. कऱ्हाडची निम्मी पट्टी अजून पुढे मोकळी आहे. शिकाऊ विमानाच्या हिशेबात ती आखूड ठरवायची तर गणितच उलटे मांडावे लागेल.

मग विमान नाकावर का आदळते? उतरण्याचा शेवटचा अर्धा मिनिट जरा जवळून पाहू. वैमानिक पूर्वेकडून, कृष्णाकाठच्या बाजूने येतो आहे. खाली पाणी पाजलेला ऊस. त्यावरची हवा गार आणि जड, विमान किंचित खाली बसते. शिकाऊ हात घाबरून इंजिनाला जोर देतो, वेग साठाचा पंचाहत्तर होतो. ऊस संपतो आणि तापलेले डांबर लागते. आता उलट, खालून गरम हवेचा धक्का वर ढकलतो. जमिनीपासून पाच-सात फुटांवर पंखाखालची हवा गादीसारखी दाबली जाते आणि जास्तीच्या वेगाने आलेले विमान त्या गादीवर तरंगत राहते. टेकायला तयारच नसते. आठ-दहा सेकंद असे तरंगले की तीनशे मीटर गेले. पट्टीचे दुसरे टोक काचेत मोठे होऊ लागते. या क्षणी डोक्यात ‘आखूड पट्टी’ हे शब्द असतील तर हात जे करू नये ते करतो: दांडा पुढे ढकलून विमान बळजबरीने जमिनीला लावतो. पंखांत अजून उडण्याइतका जीव असतो, मुख्य चाकांऐवजी नाकाचे चाक आधी टेकते, विमान बेडकासारखे उसळते. दुसऱ्या उडीला पुन्हा तेच, तिसऱ्या उडीला नाकाचे चाक मोडते आणि पंखा डांबराला लागतो. हे विमान थांबते तेव्हा पुढे चार-पाचशे मीटर पट्टी शिल्लक असू शकते. म्हणजे जे मीटर नाहीत म्हणून भीती वाटली, ते तर पुढे पडूनच होते. खरी चूक पट्टीचा उंबरठा ओलांडण्याआधी झाली होती, वेगात आणि उंचीत. तीन अंशांच्या उतारावर दहा फूट जास्त उंचीने आलात तर टेकण्याची जागा सुमारे साठ मीटर पुढे सरकते. वेग दहा टक्के जास्त असेल तर थांबण्याचे अंतर एकवीस टक्के वाढते. यावर अनुभवी माणसाचा उपाय एकच, आणि तो फुकट आहे: पुन्हा वर जायचे, चक्कर मारून नव्याने यायचे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. लांब पट्टी चूक पोटात घालते. तेच विमान तीन किलोमीटरच्या पट्टीवर तरंगले असते तर वैमानिकाने घाई केली नसती. मग लांबीला दोष का देऊ नये? याचे उत्तर जुहूने दोनदा दिले आहे. जुहूची पट्टी कऱ्हाडपेक्षाही थोडी आखूडच. १५ जुलै १९५३ रोजी, ऐन पावसाळ्यात, ब्रिटिश कंपनी बीओएसीचे कॉमेट जेट सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून जुहूला उतरले. कॉमेट थांबले, आणि नऊ दिवसांनी रिकामे-हलके करून तिथूनच उडवून नेले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ हीच चूक करून तिथे उतरले. ते थांबले नाही. पट्टी संपल्यावर पुढे जाऊन मोडले, जीवितहानी झाली नाही एवढेच. पट्टी तीच, आणि त्याच पट्टीवर त्या सगळ्या वर्षांत बॉम्बे फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमाने निवांत उतरत होती. पुष्पकला ती मैदानासारखी, कॉमेटला काठावरची, डीसी-८ला अशक्य. तेव्हा ‘आखूड’ हा पट्टीचा गुण म्हणून एकटा उभा राहू शकत नाही; कोणत्या विमानाला, कोणत्या वजनाला, कोणत्या वाऱ्यात, हे सोबत सांगावेच लागते.

आणि लांबीच्या क्षमाशीलतेचे काय होते तेही पाहू. पुढची दोन्ही उदाहरणे मोठ्या विमानांची आहेत, पण गणित तेच आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग सुमारे २,४५० मीटरच्या पट्टीवर उतरले, पण टेकले ते अंदाजे १,५८५ मीटर गेल्यावर. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याविषयी बजावल्याचे ध्वनिमुद्रणात आहे. १५८ माणसे गेली. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला त्याच कंपनीचे विमान, पाऊस, पाठीमागून वारा, पट्टी २,७०० मीटर. चौकशी अहवालाप्रमाणे चाके टेकली तेव्हा १,३५० मीटर मागे पडले होते. उरले ते तेवढेच. कऱ्हाडच्या संपूर्ण पट्टीपेक्षा सत्तर मीटर जास्त. २१ जण मृत्युमुखी पडले. दोन किलोमीटरच्या वरची लांबी हाताशी असताना ती हवेतच खर्च झाली. दिलेली सवलत माणूस वापरून टाकतो, हे सावकाराच्या दारात उभे राहणाऱ्या शेतकऱ्यालाही माहीत आहे आणि विमान कंपनीच्या वेळापत्रकालाही. लांब पट्टीवर जास्त जड विमान येते, जास्त वेगाने येते, पावसातही येते, आणि चुकीसाठी राखलेली जागा पुन्हा तेवढीच उरते. लांबी वाढवू नये असे यातून निघत नाही. पण लांबी वाढवली म्हणजे अपघाताची काळजी मिटली, हेही निघत नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे: म्हणजे सगळे खापर वैमानिकाच्या माथ्यावर फोडायचे? तो बिचारा अनेकदा अपघातात गेलेला असतो आणि उत्तर द्यायला उरत नाही. हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. चूक हाताची असते, पण ती हातात कशी आली याला इतिहास असतो. छोट्या पट्ट्यांवर बहुधा नियंत्रण मनोरा नसतो, ताजे हवामान सांगणारे कोणी नसते, उतरण्याचा कोन लाल-पांढऱ्या रंगात दाखवणारे दिवे नसतात. वाऱ्याचा पायजमा फाटून लोंबत असेल तर वैमानिकाला धुराकडे किंवा उसाच्या तुऱ्याकडे बघून दिशा ओळखावी लागते. पट्टीवर कुत्री असतात, संध्याकाळचे फिरायला आलेले असतात. शिकाऊ मुलाला तासांचे पैसे मोजावे लागतात, म्हणून एक जादा चक्कर ही त्याला शहाणपणाऐवजी खर्चाची बाब वाटते. विमान भाड्याचे आणि आतला प्रवासी वजनदार असेल तर खाली हारतुरे घेऊन उभी असलेली माणसे दिसत असताना पुन्हा वर जाणे आणखीच जड. आपल्याकडे सभेला उशीर झाला तर माफी आहे. विमान डोक्यावरून निघून गेले तर चर्चा होते. या सगळ्याला ‘वैमानिकाची चूक’ म्हणणे अपुरे आहे. पण त्याला ‘पट्टी आखूड’ म्हणणे तर सरळ दिशाभूल आहे, कारण यातली एकही गोष्ट शंभर मीटर डांबराने सुधारत नाही. पायजमा, कुंपण, कोन दाखवणारे दिवे, एक अग्निशमन गाडी आणि हवामान सांगणारा एक माणूस यांचा खर्च भूसंपादनाच्या तुलनेत किरकोळ. तरीही मागणीच्या निवेदनांत पहिला शब्द असतो विस्तार.

वापरात नसलेल्या पट्टीचे काय होते ते सांगलीने दाखवले आहे. सांगली-तासगाव रस्त्यावरचे कवलापूर महाराष्ट्राला ओळखीचे आहे ते काळू-बाळूंच्या तमाशामुळे. तिथे विमानतळही आहे, हे जिल्ह्याबाहेर सांगावे लागते. सुमारे १६० एकर जागा, जुनी हवाईपट्टी, आणि बरीच वर्षे विमान नाही. जागा औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली, तिथे उद्योग आणायचे की विमान यावर ओढाताण झाली, विमानतळ वाचवा म्हणून कृती समित्या उभ्या राहिल्या. द्राक्ष, बेदाणा, हळद यांच्या व्यापाराला विमान हवे हा मुद्दा चुकीचा नाही. इथेही वाद फिरला तो किती एकर आणि किती मीटर याभोवतीच. पण पट्टी ही विहिरीसारखी असते. उपसा थांबला की गाळ भरतो. डांबराला भेगा पडतात, भेगांत गवत येते, गवताखाली खडी सुटते, सुटलेली खडी पंख्याच्या ओढीने उडून पात्याला लागते. कडेची बाभूळ वीस फूट झाली की उतरणाऱ्याला तितकेच उंचावरून यावे लागते आणि पट्टीचे पहिले शंभर-सव्वाशे मीटर आपोआप निकामी होतात. नकाशावर लांबी तीच राहते. वैमानिकाच्या दृष्टीने ती दरवर्षी घटत असते, आणि या घटीची नोंद कुठल्याच सातबाऱ्यावर होत नाही. शेजारच्या कोल्हापूरची उजळाईवाडीची पट्टी १,३७० मीटर असताना तिथून प्रवासी विमाने ये-जा करत. २०१८च्या एप्रिलमध्ये उडान योजनेतली सेवा सुरू झाली तीही १९ आसनी बीचक्राफ्टने. मीटर कवलापूर-कऱ्हाडच्या मानाने फार नव्हते. फरक होता तो राबत्याचा आणि देखभालीचा. पुढे ती १,९३० मीटर झाली, कारण त्याहून मोठी विमाने आणायची होती.

आता कऱ्हाडच्या विस्ताराचा प्रश्न. पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना या हालचालींना जोर आला आणि वारुंजी, मुंढे, केसे भागातल्या शेतकऱ्यांनी तेव्हापासून विरोध केला आहे. बागायती जमीन, कोयनेचे पाणी, पिढ्यांनी केलेली माती. विरोध समजायला अवघड नाही. विस्ताराच्या बाजूचा युक्तिवाद मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवतो. एक, प्रवासी विमान यावे. दोन, आखूड पट्टीवर अपघात होतात. पहिल्याला स्वतंत्र आणि प्रामाणिक गणित आहे. प्रवासी वाहतुकीच्या नियमाप्रमाणे जेट विमान उपलब्ध लांबीच्या साठ टक्क्यांत थांबू शकेल असे निघण्याआधीच दाखवावे लागते, पंख्याच्या टर्बोप्रॉपला सत्तर टक्के मोजता येतात, आणि पट्टी ओली असेल तर त्यावर पंधरा टक्के जादा लांबी लागते. म्हणजे कऱ्हाडच्या १,२८० मीटरमधले जेटच्या हिशेबात ७६८ मीटरच धरायचे आणि टर्बोप्रॉपच्या हिशेबात ८९६. सत्तर आसनी एटीआर भरल्या वजनाने, पावसाळ्यात, इथे नियमात बसणार नाही. कऱ्हाडला एटीआर हवे असेल तर जमीन लागेल, हे स्पष्ट बोलता येते आणि त्यावर नफा-तोट्याचा वाद करता येतो. कऱ्हाडहून उजळाईवाडी मोटारीने दीड-दोन तासांवर असताना किती प्रवासी मिळतील, हा प्रश्न मग विचारावाच लागेल. दुसरा मुद्दा, अपघाताचा, यात ओढला जातो तो वादाला भावनिक धार यावी म्हणून. शिकाऊ सेस्नाला ही पट्टी आजही गरजेच्या दुप्पट आहे. मुंढ्याच्या शेतकऱ्याची सरी जाणार असेल तर ती एटीआरच्या वेळापत्रकासाठी जाणार आहे, आणि मोबदल्याची बोलणीही त्याच भावाने व्हायला हवीत.